अ‍ॅना स्वान : एका महाकाय स्त्रीचें जीवन

मनुष्याच्या नित्य वापरांतील बहुतेक वस्तु एका ठराविक मापाला धरून घडविलेल्या असतात. दाराची चौकट, जिन्याची पायरी, खुर्चीची बैठक, बिछान्याची लांबी, गाडींतील बाक, या साऱ्यांच्या मुळाशीं एक सर्वसाधारण देह गृहीत धरलेला असतो. ज्याचा देह त्या मापांत बसतो त्याला हें माप कधीं जाणवतहि नाहीं. ज्याचा बसत नाहीं त्याला मात्र तें पावलोपावलीं अडतें. एकोणिसाव्या शतकांत उत्तर अमेरिकेंत होऊन गेलेल्या अ‍ॅना स्वान या स्त्रीचें सारें आयुष्य अशा मापांशीं जुळवून घेण्यांत गेलें. तिच्या उंचीचे आकडे आजहि विक्रमांच्या पुस्तकांतून छापले जातात. परंतु त्या आकड्यांच्या आड जी बाई उभी होती तिला शिकावयाचें होतें, शिकवावयाचें होतें, चारचौघींसारखा संसार करावयाचा होता, हें फार थोड्यांच्या ध्यानांत राहिलें आहे.

अ‍ॅनाचा जन्म ६ ऑगस्ट १८४६ रोजीं नोव्हा स्कोशियामध्यें, ताटामागूश या गांवाजवळील मिल ब्रुक येथें झाला. नोव्हा स्कोशिया हा आज कॅनडाचा एक प्रांत आहे. त्या काळीं ती इंग्रजांची स्वतंत्र वसाहत होती. तिच्या नांवाचा अर्थच मुळीं 'नवें स्कॉटलंड' असा आहे. अ‍ॅनाचे वडील अलेक्झांडर स्वान हे स्कॉटलंड सोडून तेथें आलेले एक साधे शेतकरी होते. पति-पत्नी दोघेंहि उंचीनें सामान्य, किंबहुना ठेंगणींच म्हणावीं अशीं. त्यांना एकंदर तेरा अपत्यें झालीं. त्यांतील बाकीचीं सर्व सामान्य उंचीचीं. तिसरी अ‍ॅना तेवढी जगावेगळी. जन्मतःच तिचें वजन सुमारें १८ पौंड भरलें. सामान्य नवजात बालक सात-आठ पौंडांचें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या झोपडीवजा घरांत केवढें आश्चर्य आणि केवढी चिंता पसरली असेल याची कल्पना येते.

पुढें तिची वाढ थांबेना. चौथ्या वाढदिवशीं तिची उंची ४ फूट ६ इंच झाली. सहाव्या वर्षीं ती ५ फूट २ इंचांवर पोंचली, म्हणजे जवळजवळ आईच्या बरोबरीला आली. दहाव्या वर्षीं ६ फूट १ इंच, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास सात फूट! शेतकऱ्याच्या घरीं तेरा मुलांना पुरतील एवढीं वस्त्रें करणें हेंच जड. त्यांत एक मूल असें कीं, ज्याचा आजचा झगा उद्यां अपुरा पडावा. धाकट्यानें थोरल्याचें जुनेर वापरावें ही गरिबाच्या संसाराची साधी सोय. तीहि येथें उलटी झाली. अ‍ॅनाला थोरल्यांचे कपडे पुरत ना.

पांच वर्षांची होण्याच्या सुमारास तिला हॅलिफॅक्स शहरीं नेऊन 'बाल-राक्षसी' म्हणून लोकांना दाखविण्यांत आलें. आजच्या दृष्टीनें ही गोष्ट कोणालाहि खटकेल. परंतु दोष देण्यापूर्वीं एक विचार करावयास हवा. त्या खेड्यांत तिला पाहावयास लोक येतच होते, आणि फुकट पाहून जात होते. पाहणाऱ्यांची गर्दी टाळणें त्या आईबापांच्या हातीं नव्हतें. त्या गर्दींतून मुलीच्या अन्नवस्त्राची कांहीं तरतूद करणें एवढेंच त्यांच्या हातीं होतें. पुढें अ‍ॅनाच्या सबंध आयुष्यांत हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं उभा राहिला.

अ‍ॅना बुद्धीनें चलाख होती आणि तिला वाचनाची आवड होती. पंधराव्या वर्षीं ती ट्रूरो येथील अध्यापक-विद्यालयांत दाखल झाली. शिक्षिका व्हावें हा तिचा हेतु होता. राहण्याची सोय मावशीकडे झाली. परंतु सात फूट उंचीच्या मुलीला परगांवीं राहून शिकणें सोपें नव्हतें. शाळेंतील बाकें आणि मेजें, घरांतील खाट आणि दारें, सारें दुसऱ्यांच्या मापाचें. रस्त्यानें जावें तर माणसें थबकून पाहात. या त्रासाला कंटाळून ती थोड्याच काळांत अभ्यास अर्धा टाकून घरीं परतली. बुद्धि कमी पडली म्हणून नव्हे, जागा कमी पडली म्हणून तिचें शिक्षण खुंटलें.

याच सुमारास न्यूयॉर्कचा प्रख्यात खेळवाला फिनियस टेलर बार्नम याच्या कानावर तिचें नांव गेलें. ब्रॉडवे रस्त्यावरील त्याच्या 'अमेरिकन म्यूझियम'मध्यें पेंढा भरलेल्या प्राण्यांपासून जिवंत माणसांपर्यंत नाना प्रकारच्या चमत्कारिक गोष्टी तिकीट लावून दाखविल्या जात. बार्नमनें आपल्या आत्मचरित्रांत ही हकीकत सांगितली आहे. नोव्हा स्कोशियाकडील एका क्वेकर गृहस्थानें त्याला या मुलीची बातमी दिली. बार्नमनें त्याला सर्वांत आधीं काय सांगितलें असेल? तिची नेमकी उंची मोजून कळवावी! आंकडा हातीं पडला तेव्हां त्यानें आपला माणूस पाठविला, आणि १८६२ च्या सुमारास अ‍ॅना आईसह न्यूयॉर्कला आली.

येथें एक विलक्षण योग दिसून येतो. जें शिक्षण तिला शाळेंत मिळूं शकलें नाहीं, तें तिला या प्रदर्शनाच्या वास्तूंत मिळालें. तिच्यासाठीं रोज तीन तास शिकविणारा खासगी शिक्षक ठेवण्यांत आला, आणि हा क्रम तीन वर्षें चालला. ती वाङ्मय शिकली, संगीत शिकली, पियानो वाजवूं लागली. तिचें बोलणें सौम्य, चालणें डौलदार आणि वागणें सुसंस्कृत होतें. बार्नमच्या पदरीं जनरल टॉम थंब या नांवानें गाजलेला चार्ल्स स्ट्रॅटन आणि कमोडोर नट यांसारखे अतिशय ठेंगणे पुरुषहि होते. महाकाय अ‍ॅनाशेजारीं तीन फुटांचा पुरुष उभा केला कीं दोघांचाहि आकार प्रेक्षकांच्या डोळ्यांत अधिक भरे. खेळवाल्याचें गणित असें चाले. जाहिरातींतून अ‍ॅनाची उंची आठ फुटांच्याहि वर चढविण्यांत येई. तिची उंची बहुधा ७ फूट ११ इंच सांगितली जाते. परंतु विक्रमांची छाननी करणाऱ्या गिनेसच्या ग्रंथांत ती ७ फूट साडेपांच इंच धरली आहे.

१३ जुलै १८६५ रोजीं त्या म्यूझियमला भयंकर आग लागली. अ‍ॅना वरच्या मजल्यावर होती. जिना पेटलेला, आणि खिडकी तिच्या देहाला अपुरी. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत जी हकीकत छापून आली ती अशी : शेजारून जड ओझीं उचलण्याची यारी आणण्यांत आली, खिडकीभोवतालची भिंत फोडून वाट मोठी केली गेली, आणि अठरा माणसांनीं दोर धरून अ‍ॅनाला वरून खालीं रस्त्यावर उतरविलें. वार्ताहरांना अशा प्रसंगीं तिखटमीठ लावण्याची हौस असते, हें ध्यानांत ठेवूनच ही हकीकत वाचावयास पाहिजे. पण तिच्या जवळची शिल्लक, कपडे आणि चीजवस्तु या आगींत भस्मसात् झाल्या, हें निःसंशय. बार्नमनें पुन्हा म्यूझियम उभारलें. मार्च १८६८ मध्यें तेंहि जळालें. त्यानंतर अ‍ॅनानें निरनिराळ्या मंडळ्यांबरोबर प्रवास करून आपला चरितार्थ चालविला.

१८७१ सालीं तिच्या आयुष्याला नवें वळण लागलें. इंगॉल्स नांवाचा व्यवस्थापक एक मंडळी घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाला होता. तींत अ‍ॅनाबरोबर मार्टिन व्हॅन ब्यूरेन बेट्स हा केंटकीचा महाकाय पुरुष होता. त्याचा जन्म १८३७ चा. अमेरिकेंतील यादवी युद्धांत तो दक्षिणेच्या सैन्यांत कप्तानपदापर्यंत चढला होता, आणि युद्धापूर्वीं तो शाळामास्तर होता! त्याच मंडळींत उत्तर कॅरोलिनांत गुलामगिरींत जन्मलेल्या, देहानें एकमेकींस जोडलेल्या मिली आणि क्रिस्टीन मॅकॉय या गोड गळ्याच्या बहिणीहि होत्या. ज्यांना स्वदेशीं एका पंगतीला कोणी बसविलें नसतें अशीं हीं माणसें, केवळ देहाच्या वेगळेपणामुळें, एकाच जहाजावरून एकाच धंद्यासाठीं निघालीं होतीं.

त्या प्रवासांत अ‍ॅना आणि मार्टिन यांचें मन जुळलें. आयुष्यांत प्रथमच अ‍ॅनाला मान खालीं न घालतां समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलतां आलें असेल. १७ जून १८७१ रोजीं लंडनमध्यें ट्रॅफल्गार चौकांतील सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या देवळांत त्यांचा विवाह झाला. नवरीच्या पोषाखाला शंभर वार सॅटिन आणि पन्नास वार लेस लागली असें सांगतात. नऊवारी लुगड्याच्या हिशेबानें ही अकरा लुगड्यांची भरती होते. व्हिक्टोरिया राणीनें या जोडप्याला भेटीस बोलावून त्यांचा सन्मान केला.

परंतु सुखाच्या पाठोपाठ दुःख आलें. १९ मे १८७२ रोजीं लंडनमध्यें अ‍ॅनाला मुलगी झाली. तिचें वजन १८ पौंड होतें. अ‍ॅनाच्या स्वतःच्या जन्मवेळेच्या वजनाइतकेंच. अ‍ॅना जगली होती. ही मुलगी मात्र जन्मतःच गेली.

१८७४ सालीं पति-पत्नी अमेरिकेस परतलीं आणि ओहायो संस्थानांतील सेव्हिल या लहानशा गांवीं त्यांनीं शेतजमीन घेतली. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे अशी म्हण आहे. खर्चाच्या बाबतींत ती शहाणपणाची खरी. पण अ‍ॅनाला लहानपणापासून ती अक्षरशः पाळावी लागली होती. सेव्हिलला प्रथमच तिनें पायांच्या मापाचें अंथरूण करून घेतलें. तेथें त्यांनीं बांधलेल्या घराचीं छतें चौदा फूट उंच आणि दारें साडेआठ फूट उंच होतीं. खुर्च्या, पलंग, मेजें, सारें सामान मुद्दाम त्यांच्या मापाचें करविलेलें. घराचा मागील भाग मात्र सामान्य उंचीचा ठेवला होता. घरीं पाहुणे आले म्हणजे त्या प्रचंड खुर्च्यांवर बसतांना त्यांची तारांबळ उडे, आणि मार्टिनला स्विफ्टच्या गोष्टींतील राक्षसांच्या देशांत जाऊन पडलेल्या प्रवाशाची आठवण होई. असें त्यानेंच आपल्या आठवणींत मिस्किलपणें लिहून ठेवलें आहे. ज्या जगांत हीं दोघें अवघडून वावरत होतीं, त्या जगाला या एका घराच्या उंबऱ्याच्या आंत स्वतः अवघडावें लागे.

सेव्हिलच्या बाप्टिस्ट मंडळींत अ‍ॅना सामील झाली. त्या देवळांत या जोडप्यासाठीं मुद्दाम मोठें बाक करविण्यांत आलें होतें. रविवारच्या शाळेंत ती मुलांना शिकवूं लागली. ट्रूरोला अर्धवट सुटलेली इच्छा अशी बऱ्याच वर्षांनीं, दुसऱ्या देशांत आणि लहान प्रमाणावर कां होईना, पुरी झाली. घर आणि शेत यांच्या खर्चासाठीं पति-पत्नींना कांहीं हंगाम डब्ल्यू. डब्ल्यू. कोल याच्या सर्कशीबरोबर पुन्हा फिरावें लागलें. तथापि आतां प्रदर्शन संपल्यावर परत येण्यासाठीं त्यांना स्वतःचें घर होतें.

त्या घरींच जानेवारी १८७९ मध्यें अ‍ॅनाची दुसरी प्रसूति झाली. ती अतिशय दीर्घ आणि कष्टाची ठरली. गांवचे डॉक्टर बीच यांना मदतीस दुसऱ्या डॉक्टरांना पाचारण करावें लागलें. मुलगा झाला. त्याचें वजन २२ पौंड आणि लांबी २८ इंच भरली. अकरा तासांनीं तो वारला. डॉक्टर बीच यांनीं या प्रसूतीची साद्यंत हकीकत न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केली, आणि आजहि जगांतील सर्वांत वजनदार नवजात बालकांच्या नोंदींत या मुलाची नोंद अग्रभागीं आहे. त्याचें नांव ठेवावयासहि अवधि मिळाला नाहीं. त्याच्या पौंडांची आणि इंचांची नोंद जगभर झाली. आईनें तें घर सजवितांना काय काय मनांत योजिलें असेल, त्याची कोठेंहि नोंद नाहीं.

अ‍ॅनाचा देह एवढा कां वाढला, याचें उत्तर तिच्या हयातींत कोणाजवळच नव्हतें. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्यूटरी नांवाची ग्रंथि असते. तिच्यांतून रक्तांत मिसळणारा एक अंतःस्राव शरीराच्या वाढीचें नियमन करतो. या ग्रंथींत गांठ झाली कीं हा स्राव प्रमाणाबाहेर वाहूं लागतो. लहानपणीं लांब हाडांच्या टोकांशीं असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या खुल्या असल्यामुळें हाडें लांबतच जातात. पट्ट्या मिटल्यावर हाच विकार झाला तर उंची न वाढतां हात, पाय आणि जबडा रुंदावतात. या दुसऱ्या प्रकाराचें वर्णन पियेर मारी या फ्रेंच वैद्यानें १८८६ सालीं केलें. त्या वेळीं अ‍ॅना सेव्हिलला हयात होती. विकाराचा आणि पिट्यूटरीच्या अतिस्रावाचा संबंध विसाव्या शतकाच्या आरंभीं हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्यानें स्पष्ट केला. अगदीं तान्हेपणापासून अशी वाढ होणाऱ्या, बहुतांशीं मुलींत आढळणाऱ्या एका प्रकाराचें मूळ एक्स गुणसूत्रांतील दोषांत आहे, असें २०१४ सालीं उघडकीस आलें. अ‍ॅनाच्या देहाची अशी परीक्षा कधींच न झाल्यामुळें तिचा विकार नेमका यांपैकीं कोणता, हें सिद्ध करतां येत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, आज असें बालक दिसलें तर डॉक्टर त्याचें रक्त तपासतात, मेंदूचें चित्र घेतात, आणि नाकावाटें केलेल्या शस्त्रक्रियेनें किंवा औषधांनीं वाढ आटोक्यांत आणण्याचा प्रयत्न करतात. या विकाराचा खरा धोका उंचीचा नसून हृदयाचा आहे. एवढ्या मोठ्या देहाला रक्त पुरवितां पुरवितां तें थकून जातें.

वैद्यक पुढें गेलें. समाजाची दृष्टि त्याच वेगानें पुढें गेली असें मात्र म्हणवत नाहीं. अमेरिकेंतील सँडी अ‍ॅलन (१९५५ ते २००८) ही ७ फूट ७ इंचांहून अधिक उंचीची स्त्री. १९७७ सालीं पिट्यूटरीवर शस्त्रक्रिया होऊन तिची वाढ थांबली. तरीहि तिला कित्येक वर्षें नायगारा धबधब्यापाशीं असलेल्या विक्रमांच्या प्रदर्शनांत काम करून उपजीविका करावी लागली. अ‍ॅनानंतर शंभर वर्षांनींहि अशा स्त्रीच्या कामापेक्षां तिच्या उंचीलाच अधिक मोल होतें.

५ ऑगस्ट १८८८ रोजीं, बेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, अ‍ॅना झोपेंतच वारली. मार्टिननें क्लीव्हलंडला तार करून शवपेटी मागविली आणि मापें कळविलीं. तीं मापें वाचून कारखानदाराला तारेंत चूक झाली असावी असें वाटलें, आणि त्यानें सामान्य मापाची पेटी पाठवून दिली. योग्य पेटी येईपर्यंत अंत्यविधि खोळंबला. या अनुभवावरून मार्टिननें पुढें स्वतःची पेटी आधींच करवून ठेविली, असें सांगतात. तो १९१९ सालीं वारला. सेव्हिलच्या माउंड हिल स्मशानभूमींत अ‍ॅना, तिचा पति आणि तें अकरा तासांचें बाळ यांना विश्रांति मिळाली आहे. तेथें मार्टिननें अ‍ॅनाच्या स्मरणार्थ युरोपांतून मागविलेला स्त्रीचा पूर्णाकृति पुतळा उभा आहे.

ही विश्रांति अशा सर्वांच्याच वांट्यास आलेली नाहीं. आयर्लंडचा महाकाय पुरुष चार्ल्स बर्न १७८३ मध्यें लंडनला मृत्यु पावला. आपलें शव समुद्रांत सोडावें अशी त्याची इच्छा होती. परंतु जॉन हंटर या शस्त्रवैद्यानें तें मिळविलें आणि बर्नचा सांगाडा दोनशेंहून अधिक वर्षें संग्रहालयांत टांगलेला राहिला. २०२३ सालीं तें संग्रहालय नव्यानें उघडलें तेव्हां कोठें तो दर्शनी जागेवरून काढण्यांत आला. अ‍ॅनाला जिवंतपणीं हजारोंनीं पैसे देऊन पाहिलें; मृत्यूनंतर मात्र तिला स्मशानभूमींत विश्रांति लाभली.

सेव्हिलचें तें उंच घर पुढें पाडण्यांत आलें. ताटामागूशच्या संग्रहालयांत अ‍ॅनाच्या वस्तु आणि छायाचित्रें जपून ठेवलीं आहेत. तिची खरी उंची किती, यावर अजूनहि चर्चा होते, आणि होवोहि. पण तिच्या चरित्रांतून निघणारा खरा प्रश्न इंचांचा नाहीं. सुताराच्या हातचीं चार फळकुटें आणि दोन दिवसांची मजुरी, एवढ्यांत सेव्हिलच्या देवळांत तिच्यासाठीं बाक तयार झालें आणि ती तेथें इतरांबरोबर बसूं लागली, मुलांना शिकवूं लागली. तेवढेंच एक बाक तिला पंधराव्या वर्षीं मिळालें असतें, तर नोव्हा स्कोशियांतील एखाद्या खेड्याला एक चांगली शिक्षिका लाभली असती, आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना एक आश्चर्य कमी पाहावयास मिळालें असतें.